सतरा नळांची मोजणी

"अभिनंदन, ईश्वरदास! तुमचं निवेदन थेट मंत्र्यांच्या टेबलावर पोचलं की हो," साहेब म्हणाले आणि त्यांनी चक्क समोरची खुर्ची दाखवली.

ईश्वरदास मेश्रामला बारा वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. पाण्याची मीटरं वाचणाऱ्याने दारात उभं राहायचं, वही पुढे करायची, सही झाली की आल्या पावली परतायचं, एवढाच त्याचा तिथला वावर. तो बिचकत खुर्चीच्या कडेवर टेकला. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. त्याने तो सावकाश वाचला, मग पुन्हा वाचला.

'ज्या सार्वजनिक नळांवर पाण्याचा अपव्यय मोजणीअंती सिद्ध झाला आहे, ते नळ कायमचे बंद करण्यात यावेत. सोबत यादी.' यादीत सतरा नळ होते. पहिलाच नळ सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीतला. ईश्वरदास त्याच वस्तीत राहत होता, आणि त्याच्या घरचं पाणीही त्याच नळाचं.

"साहेब, मी बंद करा असं कुठी लिवलं होतं?" तो कसाबसा म्हणाला. "दाबल्यावरच पानी येईन अशा तोट्या लावा म्हनलं होतं. फुटके पाइप बदला म्हनलं होतं. अन् हरेक घरी चालू मीटर, बंगल्याईतही. जो जास्त वापरन त्यानं जास्त भरावं."

"तोट्यांना मंजुरी लागते, टेंडर लागतं," साहेब समजुतीने म्हणाले. "बंद करायला तोटीच्या जागी एक लोखंडी डाट पुरतो. पाणी वाचवा असं वरून आलंय. आपल्याला महिन्याभरात काहीतरी करून दाखवायचंय."

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान घरी जाऊन मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

"पन बंगल्याईतलं पानी, साहेब?"

"त्याचे आकडे कुठे आहेत तुमच्या तक्त्यात?"

ईश्वरदास पुन्हा यादीवरून बोट फिरवू लागला.

बहात्तरच्या दुष्काळापासून या माणसाला पाण्याचं वेड लागलं होतं. त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायका चार-चार तास रांगेत उभ्या राहत, आणि हा मीटर वाचायला बंगल्यांच्या बाजूला जाई तेव्हा तिथल्या हिरवळीवर भर दुपारी रबरी नळ्या वाहत असत. ते पाहून त्याच्या जिवाची तगमग होई. दुसरा कुणी असता तर त्याने चार लोक जमवून घोषणा दिल्या असत्या. ईश्वरदासचा विश्वास मोजण्यावर. सरकारला आकडे दाखवले की सरकार ऐकतं, असं त्याला मनापासून वाटे. भोळा म्हणा, नाहीतर अकलेचा कांदा म्हणा.

त्याने तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा घेतला, मेहुण्याकडून मनगटी घड्याळ मागून आणलं आणि पहाटे ड्यूटीच्या आधी एकेका नळाखाली डबा लावू लागला. वायसर गेलेल्या तोटीतून नऊ मिनिटांत डबा भरे. म्हणजे पाणी सुटलेल्या तीन तासांत तीनशे लिटर नुसते मातीत. दोन वर्षांत त्याने असे सतरा नळ मोजले. बंगल्यांचीही मोजणी करायला तो गेला होताच. मीटरं फाटकाच्या भिंतीत बसवलेली, पण बंद पडलेली, आणि आत जाऊन डबा लावायला माळी मज्जाव करी. सहा फाटकांवरून तो तसाच परत आला.

निवेदन टाइप करताना हेडक्लार्क भैय्याजींनी त्याला विचारलं होतं, "बंगल्याचा रकाना कोरा काहून ठेवला गा? अंदाजानं टाक ना काही."

"नाई भैय्याजी. जे मोजलं थेच लिवाचं. उद्या कोनी खोटं म्हनाले नोको."

"मंग रकानाच काढून टाकू. कोरा बरा नाई दिसत."

आणि रकाना निघाला. त्याच्या मागण्या तीन पानांवर होत्या, तक्ता शेवटी एका पानावर. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं, तेव्हा तो दोन दिवस आमदार निवासाच्या पायऱ्यांवर बसला आणि एका आमदाराच्या हाती कागद देऊनच उठला. आमदाराने सभागृहात प्रश्न विचारला. प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून कुणीतरी कागद चाळला. तीन पानं वाचायला वेळ कुणाला? तक्ता तेवढा वाचला. पाणी कोण वाया घालवतं, तर या सतरा वस्त्या. खरेपणाने केलेल्या कामाचं असं फळ माणसाच्या पदरात पडावं, हे कोणत्या न्यायात बसतं ते मला तरी कळत नाही.

"उद्या सकाळी पहिला नळ," साहेब म्हणाले. "मोजणी तुमची, तेव्हा पंचनामाही तुम्हीच करायचा. वस्तीतल्या दोन पंचांच्या सह्या घ्या. सह्या नाही मिळाल्या तर लोकांना तुम्हीच चिथावलं असं वर जाईल, आणि मग माझाही इलाज चालणार नाही. इतकी वर्षं रोजंदारीवर काढून गेल्याच वर्षी कायम झालात ना?"

हे त्यांनी अगदी काळजीने विचारलं.

घरी बायकोने, पुष्पलताने, भाकर वाढली. तो नुसता ताटाकडे बघत बसला.

"काहून जेवून नाई राहिले?"

त्याने सगळं सांगितलं. ती चुलीतले निखारे मागे ओढू लागली.

"सुट्टी टाका उद्या."

"टाकली तं दुसरा येईन वं. नळ तं जाईनच."

"मंग सोडा थे नोकरी!" ती ताडकन म्हणाली. आणि तिचं तिलाच कळलं. दोन पोरी शाळेत होत्या, सासऱ्याचं दम्याचं औषध होतं. "नाई, सोडू नोका," ती हळूच म्हणाली.

सकाळी फिटर गोविंदा सायकलवर पाना आणि डाट घेऊन आला. ईश्वरदास त्याच्यासोबत नळाशी गेला. रांग नेहमीसारखी लागलेली होती, पाण्याचे पितळी गुंड, बकेटी, डबडी. सखूबाई सगळ्यांत पुढे. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर तिसऱ्या वर्षी हा नळ वस्तीत आला, तेव्हा पहिला गुंड सखूबाईने भरला होता. त्याआधी तिच्या गावी विहिरीपासून दहा हात लांब, कुणी वरून पाणी ओतेल का याची वाट बघत बसावं लागे. या नळाला तिने स्वतः हात लावला, स्वतः फिरवला. त्या दिवशी ती म्हणे उगीचच तीन वेळा पाणी भरायला गेली होती. हा नळ म्हणजे तिचा जीव की प्राण.

गोविंदाच्या हातातला पाना बघून तिचा चेहरा फुलला.

"आली का गा नवी तोटी? पाहा वं, मी म्हनत नोव्हती? आपला ईश्वरा दोन वर्सं झाले कागद लिवून राहिला. सरा बाजूले, काम करू द्या त्याईले." आणि ती लगबगीने घरात जाऊन दोन कप चहा घेऊनच आली. "घे बाप्पा. तू पन घे, मेस्तरी."

गोविंदाने कप घेतला. ईश्वरदासला तो हातात धरवेना.

"मावशे, नवी तोटी नाई," तो म्हणाला. "नळ बंद करून राहिलो."

"किती दिवस?"

"कायमचा."

रांग मोडून बायका नळाभोवती गोळा झाल्या. मागून कुणीतरी कचकचीत शिवी घातली. ती सरकारला होती की त्याला, हे त्याने वळून पाहिलं नाही. पुढचा नळ मोठ्या रस्त्यापलीकडे, अर्ध्या मैलावर होता. तिथे आधीच दोन वस्त्या भांडत होत्या.

"आमी पानी वाया घालोतो म्हून?" सखूबाईने विचारलं. "थ्या डब्यानं तूच मोजत जाय ना?"

"हो, मावशे."

"अन् बंगल्याईचं काहून नाई मोजलं?"

"त्याईनं फाटक नाई उघडलं."

सखूबाई नळाच्या उघड्या ओट्याकडे बघत राहिली. "अन् आमाले फाटकच नाई," ती म्हणाली.

गोविंदाने तोटी काढली, डाट बसवला आणि पाना मारून घट्ट आवळला. पाच मिनिटांचं काम. ईश्वरदासने पंचनामा लिहिला आणि कागद हातात धरून उभा राहिला. कोणीच पुढे येईना. शेवटी पुष्पलता गर्दीतून आली.

"मी करतो सही."

"घरच्या मानसाची चालत नाई, वहिनी," गोविंदा खाली मान घालून म्हणाला.

"नाई केल्या सह्या तं काय होते?" सखूबाईने विचारलं. पुष्पलतानेच सांगितलं, "नोकरी जाईन याईची."

मग रांगेतली रुखमाबाई पुढे झाली आणि तिने गोविंदाच्या शाईच्या डबीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. कुणाकडेही न बघता ती रिकामी बकेट उचलून चालू लागली. गोविंदाने डबी सखूबाईपुढे धरली. तिने ती बाजूला सारली.

"अंगठा कायले? प्रौढशाळेत गेलो मी दोन वर्सं. वाचून दाखव रे ईश्वरा. वाचल्याबिगर सही करू नोको, असं मास्तरनं सांगतलं हाय."

त्याने वाचून दाखवलं. 'सदर नळावर रहिवाशांच्या निष्काळजीपणामुळे रोज तीनशे लिटर पाणी वाया जात असल्याने' या ओळीवर तो थांबला.

"वाच, वाच," ती म्हणाली. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

सखूबाईने पदराला हात पुसले. नळाच्या ओट्यावर कागद ठेवला, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि एकेक अक्षर ओठांत म्हणत आपलं सगळं नाव लिहिलं. नवऱ्याचं लिहिलं, आडनाव लिहिलं. पाच-सात मिनिटं गेली. ईश्वरदास वाकून कागदाचं टोक धरून उभा होता. नाव लिहून झालं असं वाटून त्याने कागद उचलायला हात घातला.

"थांब," ती म्हणाली. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, तिने अक्षरांच्या माथ्यावरची रेघ ओढली.