लॉरेटाची पूर्ण हजेरी

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात 'शेवटचं बंदर' ही मालिका मनापासून बघणारी माणसं सहा होती, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी ती सहाही ड्वेन हॉर्निंगच्या तळघरात सापडत. ड्वेन टपाल खात्यातून निवृत्त झालेला. गुडघे गेले होते, हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. त्याने मंडळाची लेखी नियमावली केली होती: सातला जेवण, आठला मालिका, मालिका चालू असताना बोलणाऱ्याने सगळ्यांची भांडी घासायची. गैरहजेरीला दोनच कारणं चालत, स्वतःचं मरण किंवा बाळंतपण. मंडळात सगळ्यात धाकटी जोलीन, तीही स्वतःच्याच म्हणण्याप्रमाणे पन्नाशीची, त्यामुळे दुसऱ्या कारणाचा वापर कुणी केला नव्हता.

लॉरेटा कुबियाक शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. तिचा नवरा स्टॅन जाऊन पाच वर्षं झाली होती. अंतराळातल्या त्या बंदरावर नेमकं काय चाललंय ते तिला दर वेळी कळायचंच असं नाही. कोणता ग्रह कुणाशी भांडतोय यात तिचा हमखास घोळ व्हायचा. पण तळघरातली हिरवी खुर्ची तिची होती. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे, आणि लॉरेटाला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला तर कुणीतरी फोन करायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ती कुठे पोचली काय आणि नाही पोचली काय, विचारणारं कुणी नव्हतं. मालिका गेली की शुक्रवार जाणार आणि शुक्रवार गेला की खुर्ची जाणार, एवढं गणित तिला पक्कं कळत होतं.

मार्चमध्ये बातमी आली की बघणारे कमी म्हणून वाहिनी मालिका बंद करायच्या विचारात आहे. ड्वेनने कंबर कसली. मालिकेतली कप्तानीण प्रत्येक संकटात नासपतीचा डबा फोडून आधी खाते आणि मग विचार करते. म्हणून देशभरच्या चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत नासपतीचे डबे पाठवायचं ठरवलं. लॉरेटाने कँटीनमध्ये येतो तसला तीन किलोचा डबा पाठवला. महिन्याने वाहिनीचं पत्र आलं. डबे गरिबांच्या अन्नकेंद्राला दिले आहेत, आपल्या औदार्याबद्दल आभार. ड्वेनने ते तीनदा वाचलं. त्यात आशा सापडेना आणि रागवायलाही काही सापडेना.

"डबे मोजतच नाहीत ते," शेवटी तो जेवताना म्हणाला. "घरं मोजतात. तीही सगळी नाही. देशात काही हजार घरांत टीव्हीला पेटी जोडलेली असते. ती घरं बघतील तेच देशाने बघितलं. आपण सहा जण इथे जीव टाकून बघतो, ते कुठेच धरत नाहीत."

"मग त्या पेटीवाल्यांना गाठ की," जोलीन म्हणाली.

"सापडायला नकोत? त्यांना तोंड उघडायची बंदी असते. असल्या एकाचं नाव कळू दे मला, त्याच्या दारात मुक्कामच ठोकतो. एकेक पेटी म्हणजे वीस हजार घरं, बाई."

लॉरेटाचा काटा ताट आणि तोंड यांच्यामध्ये थांबला.

दीड वर्षापूर्वी दोन सभ्य माणसं तिच्याकडे येऊन टीव्हीला पेटी जोडून गेली होती. नेहमी बघता तसंच बघा, टीव्ही लावला की आपल्या नावाचं बटण दाबा, खोलीत कुणी नसेल तर टीव्ही बंद ठेवा, आणि कुणाला सांगू नका. लॉरेटाने सही केली होती आणि सही केली की ती केलीच. हे तिने चर्चमध्ये पाद्रीबाबांनाही सांगितलं नव्हतं. वीज मोजायला मीटर असतो तसलंच काहीतरी असेल, अशी तिची समजूत. दर शुक्रवारी साडेसहाला ती टीव्ही बंद करायची, बंद झालाय ना ते दोनदा बघायची आणि शेवयांचं भांडं घेऊन ड्वेनकडे जायची. म्हणजे दीड वर्षं दर शुक्रवारी, ऐन मालिकेच्या वेळी, वीस हजार घरांनी टीव्ही बंद ठेवला होता.

घरी पोचल्यावर ती पेटीसमोर बसून हिशेब करू लागली. मालिकेचे तीनच भाग उरले होते. घरी बसून बघावेत तर मालिका कदाचित वाचेल, पण मंडळाला काय सांगायचं? पुढच्या शुक्रवारी तिने सर्दी झाल्याचा फोन केला, आपलं बटण दाबलं आणि एकटीने भाग बघितला. कोणता ग्रह कुठला ते विचारायला शेजारी कुणी नव्हतं. त्या तासभर ती वीस हजार घरं होती आणि तिला फार एकटं वाटलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही सर्दी हटली नाही.

"नियमात सर्दी नाही," ड्वेन फोनवर म्हणाला.

साडेसातला दारात पाचही जण हजर. जोलीनच्या हातात कोंबडीच्या सूपचं पातेलं. लॉरेटाचं नाक कोरडं ठणठणीत होतं, पण सूप घेऊन आलेल्यांना दारातून कोण परत पाठवतं? सगळे टीव्हीसमोर बसले. आठ वाजले. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, कारण पाहुणे आले तर त्यांचीही वयासकट नोंद करायची असा नियम होता. लॉरेटाने तो दिवा थोडा वेळ सहन केला.

"जोलीन, तुझं वय किती?"

"आता हे काय मध्येच? पन्नास."

"खरं सांग. देशासाठी आहे."

"छप्पन्न," जोलीन म्हणाली आणि सूप ढवळायला लागली.

ड्वेन उठून टीव्हीपाशी गेला. पेटी बघितली, मागची वायर बघितली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"आणि शुक्रवारी?"

"बंद. शुक्रवारी मी तुझ्याकडे असते ना."

पेटीच्या बरोबर वर भिंतीवर चौकट टांगलेली होती. सलग शंभर शुक्रवार न चुकवल्याबद्दल लॉरेटा कुबियाक यांना सप्रेम. खाली ड्वेनची सही आणि त्याने मुद्दाम करवून घेतलेला मंडळाचा शिक्का. ड्वेनने ते सगळं वाचलं, शिक्क्यासकट. आता हा घर डोक्यावर घेणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने टोपी काढली.

"चौसष्ट," तो म्हणाला. "माझे घाल."

तो भाग आणि त्याच्या पुढचा शेवटचा भाग सहा जणांनी लॉरेटाकडे बघितला. मे महिन्यात वाहिनीने मालिका बंद केली. त्या जागी कुत्र्यांचे केस उत्तम कापणाऱ्यांची स्पर्धा सुरू होणार होती.

ती सुरू व्हायच्या शुक्रवारी साडेसहाला लॉरेटाने सवयीने टीव्ही बंद केला. शेवयाही सवयीने शिजवून ठेवल्या होत्या, सहा माणसांच्या. ती स्वयंपाकघरात बसून राहिली. तिला स्टॅनची आठवण आली आणि मग स्वतःचीच कीव आली, जी तिला मुळीच आवडत नसे.

सातला घंटा वाजली. दारात जोलीन आणि बाकीचे, आणि त्यांच्या मागे धापा टाकत, गुडघ्यांना शिव्या देत, हिरवी खुर्ची उचलून आणणारा ड्वेन.

"पेटी कधीपर्यंत आहे?" त्याने विचारलं.

"सप्टेंबरपर्यंत."

"बरं." त्याने खुर्ची टीव्हीसमोर मधोमध ठेवली. "बस."

जेवणं झाली. आठला लॉरेटाने रिमोटला हात घातला.

"हात लावू नकोस," ड्वेन म्हणाला. "तुझी वीस हजार घरं आहेत ना? बघू दे त्यांना बंद टीव्ही."

मग सहा जण काळ्या पडद्यासमोर ओळीने बसले. लॉरेटा आपल्या खुर्चीत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. साडेआठच्या सुमारास जोलीन तिच्याकडे वळून म्हणाली, "अगं, शेवयांत आज जायफळ घातलंस का?"

"कार्यक्रम चालू आहे," ड्वेन म्हणाला.

भांडी जोलीनने घासली.