उजव्या खांद्याच्या बंदुका

बशीतल्या तेलात चामड्याचा वायसर भिजत पडला होता — रुपयाहून लहान, मध्ये भोक, एका कडेला जरा फाटलेला — आणि पिराजी तो काडीने हळूच उलटत होता. एक बाजू काळी, मऊ झाली होती. दुसरी अजून कोरडी, भेगाळलेली. जुन्या बाजारातल्या एअरगनच्या नळकांड्यातून तो सकाळीच काढला होता. खरं तर कुठली बंदूक ठेवायची आणि कुठली देऊन टाकायची हे ठरलेलं नसताना एखादी खोलून बसायचं काही कारण नव्हतं... पण हाताला काम असलं की ठरवणं लांबतं. तेल मुरेपर्यंत आपल्याला कुणी काही विचारणार नाही असं त्याला उगाचच वाटत होतं.

त्याच्या बायकोने, बायडाबाईने, विचारलंच. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातातलं पीठ झटकत ती म्हणाली की दादा यायच्या आत काय ते ठरवा, ते आले की तुम्ही दोघंही नुसते बसून राहाल. आणि मग, भिंतीकडे हनुवटी करून, "तीन. चौथी न्हाय. तितं कपाट लावायलाबी भिंत न्हाय, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. बांधकाम खात्याच्या भांडारात सगळी नोकरी गेली, आता क्वार्टर सोडायचं होतं, आणि कोल्हापुरातच मंगळवार पेठेतल्या ज्या दोन खोल्या ठरवल्या होत्या त्यांतली एक अशी अरुंद की खाट टाकली की माणसाने आडवं होऊनच आत जावं. इथल्या बैठकीच्या खोलीची लांब भिंत मात्र बंदुकांनीच भरलेली. साध्या छऱ्याच्या बंदुका, परवाना नको, दारू नको. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, शिशाचा छर्रा घालायचा, नळी मिटायची. पण आलेला पाहुणा आधी त्या भिंतीकडे बघायचा आणि मग पिराजीकडे — त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी असलेल्या, आत ओढलेल्या, मिटल्या पापणीकडे — आणि हसून म्हणायचा, बरं आहे तुमचं, नेम धरताना एक डोळा मिटायचा त्रास नाही. रायफल क्लबात हा विनोद इतक्या वेळा झाला होता की पिराजी आता तो स्वतःच आधी करून टाकी. बंदूकवाले पिराजीराव. एका डोळ्याचे, पण नेम बघा...

नऊ बंदुका. त्यांतल्या आठ दादाने आणलेल्या.

अडचण तिथेच होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, हंबीरराव. मुरगूडला शेती बघायचा. त्याच्या आठांतल्या कुठल्या पाच किंवा सहा काढायच्या? जी काढू तिच्यावर तो काही बोलणार नाही, नुसता बघेल, आणि त्याचं ते बघणं... पिराजीने आठवडाभर मनातल्या मनात भिंतीवरून बंदुका उतरवल्या होत्या आणि पुन्हा चढवल्या होत्या. ही लांब नळीची पहिली, उसाचा पहिला पैसा हाती आला तेव्हाची. ही अक्रोडाच्या दस्त्याची, हिच्यासाठी दादा पुण्याला गेला होता — जन्मात पुण्याला न गेलेला माणूस! ही बेळगावची. एकेक खंडेनवमी, एकेक बंदूक; धोतराच्या सोग्याने घाम पुसत, पोत्यात गुंडाळलेली लांबट वस्तू काखेत धरून दादा एसटीतून उतरायचा, दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदुकांना झेंडूची फुलं वाहून हात जोडायचा, आणि परत जायचा. हिशेब सोपा होता. दादाच्या तीन ठेवायच्या आणि नववी, आपली एकट्याची, द्यायची. मग कुणालाच काही बोलायला जागा राहात नाही. रोज हाच हिशेब निघायचा आणि रोज त्याच्या बरगड्यांखाली काहीतरी आवळून यायचं.

नववी त्याने स्वतः घेतली होती, जुन्या बाजारात, गंजलेली. साधा सरळ दस्ता, कसलं नक्षीकाम नाही.

...तेव्हा आपण आठ वर्षांचे. मुरगूडच्या मळ्यात शाळू दाण्यावर आलेला, आणि पाखरं हाकायला आबांनी, वडिलांनी, कुठूनशी एक एअरगन आणलेली. दादा तेरा-चौदाचा. विहिरीच्या कठड्यावर पत्र्याचा डबा ठेवून तो नेम धरत होता आणि मी — मी कुठे होतो? बाजूलाच. छर्रा डब्याला लागलाच नाही, दगडावर आपटून फिरला. दुखलं असं आठवत नाही. गालावरून काहीतरी कोमट उतरलं, आणि दादाचा आ वासलेला चेहरा, त्यातून आवाजच निघत नव्हता. तो चेहरा एका डोळ्याने पाहिलेली पहिली गोष्ट असावी.

पुढचं सगळं ऐकीव आणि थोडं आठवणीतलं. आबांनी बंदूक विहिरीत फेकली आणि दादाला कासऱ्याने मारलं. आई, चिमणाबाई, मारत नव्हती. तिने दादाशी बोलणंच टाकलं. कोल्हापूरच्या दवाखान्यातून डोक्याला पट्टी बांधून पिराजी घरी आला तेव्हा दादा गोठ्यात झोपत होता. ताट गोठ्यात नेऊन ठेवायचे आणि तसंच परत आणायचे. त्याची मनगटं हरभऱ्याच्या काटकीसारखी झाली होती. पिराजी म्हशींच्या मधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेला. काय बोलावं ते कळत नव्हतं, आठ वर्षांच्या पोराला काय कळणार... म्हणून तो म्हणाला, दादा, मला बंदूक शिकव की.

दादाने मान वर केली होती. त्या रात्री तो घरात आला.

आज दादा आला तो उन्हं चढल्यावर. पासष्टीकडे झुकलेला, पण चालणं अजून ढेकळातलं, पाय उचलून टाकल्यासारखं. पिशवीत गुळाची ढेप आणि भुईमुगाच्या शेंगा. बायडाबाईने डोक्यावरचा पदर सारखा करून चहा दिला. दादाने उसाचं सांगितलं, पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणं सांगितली, आणि हे सगळं सांगताना भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. पिराजीने सांगितलं की संध्याकाळी सिकंदर येणार आहे. सिकंदर जत्रांतून फुगे फोडायचं दुकान लावायचा — फळीवर रंगीत फुगे, समोर दोन-तीन जुन्या एअरगन — आणि पिराजी त्याच्या बंदुका नीट करून द्यायचा, म्हणून घरोबा. उरतील त्या त्याने न्याव्यात असं ठरलं होतं.

"तर कुठल्या ठेवायच्या तेवढं तू सांग," पिराजी म्हणाला.

"मी काय सांगू? तुझ्या हायत. तूच सांग."

झालं. बायडाबाईने आतून भांडं जरा जोरात आपटलं.

मग दोघांनी मिळून बंदुका खाली उतरवल्या आणि व्हरांड्यात सतरंजीवर मांडल्या. ऊन नळ्यांवरून सरकत होतं. दादा एका बाजूला उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, जसा बाजारात दुसऱ्याच्या बैलाचा सौदा बघत माणूस बसतो. पिराजी एकेक उचलायचा, नळी मोडून बघायचा, मिटायचा, खाली ठेवायचा. ही चांगली आहे, म्हणायचा. हीसुद्धा चांगली आहे. सगळ्याच चांगल्या होत्या. हे असं संध्याकाळपर्यंत चाललं असतं, आणि मग सिकंदर येऊन हात चोळत उभा राहिला असता, आणि मग आपण तो सोपा हिशेब करून मोकळे झालो असतो — दादाच्या तीन, आपली एक बाहेर...

कंटाळा आला असेल, किंवा मानेत कळ आली असेल. ती अक्रोडाच्या दस्त्याची बंदूक त्याने नुसती बघता बघता डाव्या खांद्याला लावली, समोरच्या कडुनिंबाच्या एका वाळक्या फांदीवर नेम धरायला. एरवी तो बंदूक वर उचलू लागला की दादाला काहीतरी काम निघायचं. पाणी प्यायला उठायचा, चप्पल शोधायचा, तंबाखूची चंची उघडायचा. क्लबात बक्षीस मिळालं त्या दिवशीसुद्धा दादा मंडपाबाहेर रसवंतीवर बसला होता. आज मात्र गुडघे आखडले होते, चटकन उठता आलं नाही. तो बसल्या जागी राहिला, आणि बघत राहिला.

"पिरा," थोड्या वेळाने तो म्हणाला, "मान अशी वाकडी का करतोस?"

पिराजीने बंदूक खाली घेतली नाही. घ्यायला हवी होती.

"हिकडं आण ती."

दादाने दस्ता मांडीवर घेतला. त्याच्या डाव्या अंगाला, गाल टेकवायला म्हणून, लाकूड छान गोलसर उंच ठेवलेलं होतं. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा गाल तिथे उशीवर टेकावा तसा टेकतो. दादाने त्यावरून अंगठा फिरवला. मग बंदूक उलटी केली. दुसरं अंग सपाट, कोरडं. उजवा डोळा नसलेला माणूस उजव्या खांद्यावर बंदूक घेणार कशी... हे त्याच्या मनात येताना पिराजीला दिसत होतं, पाणी वाफ्यात शिरताना दिसावं तसं.

"ही उलटी हाय की रं, तुला."

"व्हय."

दादाने दुसरी उचलली. तिसरी. प्रत्येकीच्या दस्त्याला अंगठा लावून बघितलं. पिराजीला वाटलं, आता थांबवावं, म्हणावं की असू दे, सवय झाली आहे, पण तोवर दादाने पुढची उचलली होती.

"समद्याच?"

"तुज्या समद्या."

"गालाला लागत आसंल."

"हाडाला लागती जरा."

दादाने हातातली बंदूक खाली ठेवली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मग ठेवल्यास कशाला इतकी वर्सं?"

"तू आणल्यास म्हणून."

"मी आणल्या ते तुला पायजे म्हणून. तूच म्हणालतास की गोठ्यात. बंदूक शिकव म्हणून."

पिराजीने पुढ्यातल्या नळीवरची धूळ बोटाने पुसली. हे वाक्य आपण कधी बोलू असं त्याला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ते आतच राहिलं होतं. ते इतकं साधं निघेल असंही वाटलं नव्हतं.

"दादा, तू जेवत न्हवतास."

एवढंच. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. दादाने डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात बघितलं, पुन्हा घातली. त्याचे खांदे हलत होते आणि पिराजीला आधी वाटलं तो रडतो आहे — थोडा रडतही असेल — पण तो हसत होता, आवाज न करता, पोट दाबून, जसा म्हातारा माणूस देवळात हसू आलं की हसतो. मग त्याने सांगितलं. पुण्याच्या त्या दुकानात नोकराने बंदूक हातात दिली तेव्हा त्याला ओकारी आली होती. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसला होता. एसटीत ते पोतं मांडीवर घ्यायला नको म्हणून पायाखाली घ्यायचा, मग पुन्हा वाटायचं, पिराची वस्तू आहे, आणि वर घ्यायचा. "भिंतीवर ह्या समद्या बघितल्या की मला वाटायचं, बाबा, ह्यो काय इसरू द्यायचा न्हाय आपल्याला." तो थांबला. "आन् बरोबरच हाय, आसं वाटायचं."

"मला बी न्हाय आवडत," पिराजी म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की हे पूर्ण खरं नाही. पण जेवढं खरं होतं तेवढ्यानेच छाती इतकी मोकळी झाली की त्याला भिंतीला टेकून बसावं लागलं. बायडाबाई बाहेर आली. दोघांकडे बघून तिने काही विचारलं नाही, नुसती शेंगांची पाटी मध्ये आणून ठेवली आणि आपणही फोलत बसली.

सिकंदर आला तेव्हा आठही बंदुका पोत्यावर एका रांगेत होत्या. त्याला खरं वाटेना. अशा मालावर फुगे फोडायचे म्हणजे, तो म्हणाला, साहेब, लाज वाटेल फुग्यांना. यावर दादाच म्हणाला, "फोडू देत की पावणं. पोरंबाळं हसतील तरी." आणि हातगाडीवर बंदुका ठेवायला तो स्वतः वाकला. गाडी वळणावर गेली. लांब भिंतीवर आता खिळे होते आणि चुन्यावर फिकट लांबट डाग, आणि खाली सतरंजीवर ती एकटी — जुन्या बाजारातली, सरळ दस्त्याची, कुठल्याही खांद्याला चालणारी.

"ही?" बायडाबाईने विचारलं.

"बघू," तो म्हणाला. तिला तीन चालणार होत्या, ही तर एकच. तिने विषय सोडला.

संध्याकाळी दादाला एसटीवर पोचवायला तो निघाला. रस्त्याला शिरोलीच्या कारखान्यांतून सुटलेल्या कामगारांच्या सायकली होत्या, काळवंडलेले हात, डब्यांचे आवाज. दादा नेहमी त्याच्या उजव्या अंगाने चालायचा, जिकडून पिराजीला काही दिसत नाही तिकडून, गाडीघोडं अंगावर येऊ नये म्हणून. आणि त्यामुळे इतक्या वर्षांत दोघे बरोबर चालताना दादा म्हणजे पिराजीला एक चपलांचा आवाज आणि तंबाखूचा वास एवढाच असायचा. आज बोलता बोलता, गर्दी चुकवताना, दादा डाव्या बाजूला आला आणि तिथेच राहिला. ध्यानात आलं नसेल त्याच्या. पिराजीने मान न वळवता पाहिलं — कानावरचे पांढरे केस, हनुवटीवर दाढी करताना राहिलेला एक खुंटांचा पट्टा, बोलताना हलणारा गळ्याचा मणी. दादा पाटाच्या पाण्याबद्दल बोलत होता, सकाळचंच, पण आवाज वेगळा होता, किंवा चेहऱ्यासकट ऐकू आल्यामुळे वेगळा वाटत होता.

आता खंडेनवमीला हा काय घेऊन येणार? येणार की नाही? बंदुका नसल्यावर आपण दोघं काय बोलणार... आणि ती घरातली एक. ती आपल्याला आवडते का? फांदीवर नळीच्या टोकाची माशी स्थिर होते आणि श्वास आपोआप थांबतो तो क्षण — तो गोठ्यातून आलेला, की कुणासाठीही नसलेला, नुसता माझा? त्याने स्वतःला विचारलं. बरगड्यांखाली आज काही आवळलं नाही. प्रश्न तिथे नुसता होता, खिडकीत येऊन बसलेल्या कबुतरासारखा, उडून गेला तरी चालेल असा. उजव्या बाजूने एक ट्रक अंगाला वारा घालत गेला. पिराजी दचकला, जरा कडेला सरकला, आणि मग तसाच चालत राहिला.