डाव्या पंखातलं पांढरं पीस

माझा हात हलका आहे. हे मी नाही, आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम सांगतात, आणि मॅडम उगाच कुणाला चढवणाऱ्यातल्या नाहीत. पक्षी डाव्या मुठीत धरायचा, उजवा पंख दोन बोटांनी उलगडायचा, चिमट्याने पिसाची दांडी अगदी बुडाशी पकडायची आणि पीस ज्या दिशेला वाढतं त्याच दिशेला एकच हिसका द्यायचा. पक्ष्याला कळेपर्यंत काम झालेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेत चाळीस लावे आहेत, तपकिरी, मुठीत मावतील एवढे. दर चार आठवड्यांनी प्रत्येकाच्या उजव्या पंखातलं चौथं पीस उपटायचं आणि ते परत कसं येतं ते रोज मोजून लिहायचं. डाव्या पंखाला हात लावायचा नाही, तो तुलनेसाठी.

पीस परत का येतं, हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. कातडीत पिसाची एक खोबण असते आणि तिच्या तळाशी थोड्या मूळपेशी झोपून असतात. पीस निघालं, जखम झाली, की त्या जाग्या होतात आणि सगळं पहिल्यापासून घडवायला घेतात. आधी निळसर काटा वर येतो, त्यात रक्त असतं, मग वरचं वेष्टण सुटतं आणि आतून नवं कोरं पीस निघतं. मला त्याचं फार नवल वाटलं होतं. घरी गेल्यावर भावाला मी तेच दहादा सांगितलं.

मॅडमना मात्र वेगळंच हवं होतं. पीस कितव्यांदा यायचं थांबतं, ते. कारण त्या पेशींचाही अंत पाहिला तर त्या दमतात. आधी रंग देणाऱ्या पेशी जातात आणि पीस पांढरं येतं. मग वाकडं येतं. मग खोबण बुजते आणि तिथे काहीच येत नाही. दीड वर्ष आम्ही याच कामाला जुंपलेल्या होतो.

रविवारची पाळी माझ्या धाकट्या भावाला मीच मिळवून दिली. दोन वर्षं घरी बसला होता. मी मॅडमकडे शब्द टाकला, आणि दाणापाणी आणि सफाईसाठी त्याला घेतलं. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून पीस काढायलाही मीच शिकवलं. पहिल्यांदा त्याने तोंड फिरवलं होतं. मी हसून म्हटलं होतं, "अरे, परत येतात." ते वाक्य माझं आहे, हे मी नाकारणार नाही.

भाऊ म्हणाल तर सोन्यासारखा. माझा नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर असतो. मुलगी सात वर्षांची, शाळा एकला सुटते, मी घरी पोचते सहाला. मधले पाच तास मामा. तो तिला जेवू घालतो, अभ्यास घेतो, बुटांना पॉलिशसुद्धा करून ठेवतो. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस हो. मी मान डोलवायचे.

त्या उन्हाळ्यात मुलीच्या कानामागे केसांची एक बट पांढरी झाली, बोटभर रुंद. माझ्या आजीचे केस लवकर पिकले होते, म्हणून मी तिला आमची म्हातारीबाई म्हणून चिडवायचे. ती हसायची नाही. पुढे ती स्वतःची वेणी स्वतःच घालायला लागली. सकाळचं एक काम कमी झालं म्हणून मला बरंच वाटलं.

एका सोमवारी वजन करताना सतरा नंबरचा पक्षी हातातून निसटला आणि त्याचा डावा पंख फडकन उघडला. चौथं पीस पांढरं होतं. डाव्या पंखात. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग एकेक करत चाळीसही पाहिले. अकरा पक्ष्यांचं डावं चौथं पीस पांढरं होतं, आणि आणखी दोघांच्या खोबणीत रक्ताचा ताजा ठिपका होता. शनिवारी मीच त्यांना हाताळलं होतं, तेव्हा रक्त नव्हतं. मध्ये फक्त रविवार होता, आणि रविवारी त्या खोलीत एकच माणूस असतो.

आमच्या वहीत डाव्या पंखासाठी रकानाच नव्हता. जिथे काही करायचंच नाही, तिथलं काय लिहिणार. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी काय केलं ते सांगते. दार लावून घेतलं आणि ती अकराही पांढरी पिसं उपटून टाकली. मॅडमना कळलं तर त्याची नोकरी जाणार होती, आणि माझा शब्दही.

संध्याकाळी मी त्याला विचारलं. तो संत्रं सोलत होता. थांबला नाही, रागावला नाही.

"ताई, फार कालवा करतात गं. एक काढलं की सगळे गप्प बसतात." एक फोड त्याने माझ्यापुढे धरली. "आणि परत येतात, तूच म्हणालीस ना."

मी त्याला वाटेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं, पुन्हा नाही करणार म्हणाला, आणि मी ते पोटात घातलं. लहानपणापासून घालत आले होते. बुधवारी तो रविवारची किल्ली द्यायला प्रयोगशाळेत आला तेव्हा दारात त्याची चाहूल लागताच चाळीस पक्षी एकदम गप्प झाले. मी ते ऐकलं आणि पाणी भरत राहिले.

तीन आठवड्यांनी पिसं परत आली. पांढरीच. यायचीच होती, इजा मुळाला झालेली होती, आणि हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. या वेळी ती मॅडमनी पाहिली.

मी म्हटलं, वयामुळे असेल.

"वयाने पिसं अशी एकाच जागची पिकत नाहीत," मॅडम भिंगातून नजर न काढता म्हणाल्या. "त्याच खोबणीतून कुणीतरी पुन्हा पुन्हा उपटलं की असं होतं."

एकाच जागची. माझ्या हातातला चिमटा खाली पडला. मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं, ते मला जिना उतरताना आठवलं. अॅप्रन अंगावर तसाच होता.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. मुलगी टेबलाशी शुद्धलेखन काढत होती आणि भाऊ कपबशा विसळत होता. लवकर कशी, म्हणाला. मी डोकं दुखतंय म्हटलं आणि त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात गोळी आणायला पाठवलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. तो गेला तसा मी दाराचा अडसर घातला.

मुलीच्या मागे उभी राहून मी तिची वेणी सोडली. ती ताठ झाली. पांढरी बट मी बाजूला केली. तिच्याखाली अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत होती. कडेला बारीक खुंट वर येत होते आणि मध्ये लाल ठिपके होते, एकेका केसाचे, नीट ओळीत. असं एकेक, बुडाशी धरून काढायला मीच शिकवलं होतं.

कधी, एवढंच मी विचारलं.

"मी बडबड केली की." ती वहीतच बघत होती. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "फार दुखत नाही, आई. मामाचा हात हलका आहे."

बाहेर कुलपात किल्ली फिरली. दार हललं आणि अडसराला अडलं.

"ताई?" त्याने हाक मारली. मग आणखी एकदा, हसत, "अगं उघड ना."

मुलीची पेन्सिल थांबली. तिने कानावर हात ठेवला आणि श्वाससुद्धा अडवून बसली. मी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, तिच्याभोवती दोन्ही हात घातले, आणि मॅडमना फोन लावला. डाव्या पंखापासून सांगायला सुरुवात केली.