काचेला बोट लावायचं नाही

वर्गात टॅब बारा, त्यांतले चालणारे नऊ. पोरं अठरा, सगळी सहावीची. खिडक्या चार, तावदानं एकीलाच. टेबलावर एक ओलं फडकं, एक कोरडं फडकं आणि टेबलामागे आमचे गुरुजी, एकेक टॅब उजेडात तिरका धरून डाग शोधत बसलेले.

"हा कुणी हाताळला?" ते ओरडले. "मातीचं बोट आहे हे! कुणाचं?"

अठरा पोरांनी हात बाकाखाली घेतले. शेंगांचे दिवस होते. पहाटे वेल उपटायचे, शेंगा तोडायच्या, मग शाळेत यायचं, असं सगळ्यांचंच चाललं होतं. वारा असा सुटला होता की रानातली माती उडून वर्गातल्या खिडक्यांत थर धरायची. कुणाचे हात स्वच्छ असणार?

"टॅब घेतल्याच्या कागदावर सही माझी आहे," गुरुजी म्हणाले. "तीन महिन्यांत रिटायर होतोय. काचेवर एक चरा जरी निघाला ना, तर बापाला शाळेत उभा करीन. कळलं? काचेला बोट लावायचं नाही!"

"मग उत्तर कसं द्यायचं, गुरुजी?" दुकानदाराच्या पोराने विचारलं.

"अलगद द्यायचं!"

पोरं हसली नाहीत. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून सहा महिने झाले होते. गुरुजींनी मला स्वतःला अक्षरं शिकवलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज फुटत नसे.

त्या दिवशी सरावाची चाचणी झाली. टॅबवर प्रश्न यायचा, चाळीस सेकंद थांबायचा आणि निघून जायचा. मागे फिरता येत नव्हतं. असे तीस प्रश्न. वर्गाची सरासरी आली तेवीस टक्के.

खरी चाचणी दोन दिवसांवर होती. वरच्या ऑफिसातून कळवलं होतं की, सरासरी चाळीसच्या खाली गेली तर पुढच्या वर्षी इथे सातवीचा वर्ग नाही. पोरांनी खाणीपलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं.

माझी भाची भिंगरी याच वर्गात. तिला एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. चाचणीचा निकाल ऐकल्यावर मात्र ती बाकावरून उठलीच नाही.

संध्याकाळी रानात माझा भाऊ वेलांचा भारा खाली टाकत म्हणाला, "खाणीच्या रस्त्याने माझी पोरगी जाणार नाही. ट्रक कसे येतात बघितलंस ना? सातवी इथे असेल तर शिकेल. नाहीतर आहेत शेंगा."

"दादा, तिला समजतं सगळं."

"समजतं तर तीसपैकी तीन?"

भिंगरीने मान वर केली नाही. तिची बोटं चालूच होती. वेल उचल, झटक, शेंगा तोड. दादा बैल सोडायला गेला तसा मी तिच्याजवळ सरकले आणि चाचणीतले प्रश्न एकेक करून विचारायला लागले. ती वेलावरची नजर न काढता उत्तरं देत गेली. दहापैकी नऊ बरोबर.

"मग आज काय झालं गं?"

"दाबलं होतं मी."

"काय?"

"बरोबर उत्तर. ते जातच नाही, आत्या." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तो टॅब मला घेत नाही. दुकानदाराच्या पोराचं घेतो. माझं नाही घेत. त्याला माहितीये मी कोण ते."

"टॅबला काय माहीत असणार, वेडे?"

"मग प्रश्न निघून का जातो? मी दाबत असते आणि तो निघून जातो."

मी माझा फोन काढला, आकडेमोडीचं पान उघडलं आणि म्हटलं, "सात दाब." तिने हात पुढे केला. बोट हुकासारखं वाकवलं आणि नखाच्या टोकाने काचेवर टकटक केलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा टकटक.

"नख का लावतेस?"

तिने तळवे उलटे करून दाखवले. बोटांची पेरं शेंगांच्या चिकाने काळी पडली होती, भेगांत माती बसली होती. "डाग पडेल ना. मग गुरुजी बाबांना बोलावतील."

मी आधी नखाने दहा वेळा दाबून पाहिलं. एकदाही उमटलं नाही. मग पेराने दहा वेळा. दहाही वेळा उमटलं. तिच्या मळक्या पेरानेही तेच. काचेला दाब कळत नव्हता, कातडी कळत होती. दुकानदाराच्या पोराला घरच्या फोनची सवय, म्हणून तो बिनधास्त बोट लावत होता. बाकी सतरा जणांनी नखं लावली होती; चुकून पेर टेकलं तेवढीच उत्तरं गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. पण डोळे गुरुजींच्या टेबलाकडे होते.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी गुरुजींना व्हरांड्यात गाठलं. "गुरुजी, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत."

"मी काय सांगू? या, घाण करा म्हणून?"

"नखाने टॅब चालत नाही. पोरं नापास होतील."

"आणि काच फुटली तर? निवृत्तीचे कागद अडकतील माझे! तू जाशील भरायला?"

"पोटतिडकीने सांगतेय, गुरुजी."

"पोट मलाही आहे," ते म्हणाले आणि आत गेले. चष्मा पुसला, लावला आणि लगेच काढून पुन्हा पुसला. हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलाय, हे मला तेव्हा दिसलं.

वरच्या ऑफिसातले साहेब चाचणी घ्यायला आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, "आता कुणीही बोलायचं नाही. शिक्षकांनीसुद्धा. एक शब्द ऐकू आला तर चाचणी रद्द." आणि घड्याळ बघितलं.

पहिल्या तुकडीत नऊ जण होते. भिंगरी खिडकीजवळ बसली होती. प्रश्न आला. वरची हिरवी पट्टी आखडायला लागली.

टक. टक. टक.

सगळ्या वर्गात नखांचा आवाज. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. पट्टी लाल झाली, प्रश्न गेला. दुसरा आला. तोही गेला. दर प्रश्नाला पोरं एकदा टॅबकडे बघायची आणि एकदा गुरुजींकडे. भिंगरीचा खालचा ओठ दातांत होता. मी माझं बोट वर करून पेर दाखवलं. साहेबांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली घेतला.

दहावा गेला. अकरावा गेला.

गुरुजी खुर्चीतून उठले. इतका वेळ ते टॅबकडे बघत होते, आता पोरांच्या तोंडांकडे बघायला लागले. आपल्याकडे इतक्या भेदरलेल्या नजरा लागल्यात हे बहुधा त्यांना आत्ताच उमगलं. ते खिडकीपाशी गेले. तावदान नसलेल्या खिडकीत रानातल्या मातीचा थर होता. त्यांनी त्यावरून पूर्ण तळवा फिरवला. मग खोक्यातला एक बंद टॅब उचलला, तो छातीशी उभा धरला आणि काचेवर हात दाबला.

पाची बोटं उमटली. लाल मातीची, ठसठशीत.

त्यांनी टॅब सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडच्या साहेबांना मान हलवून गप्प राहायची खूण केली. ओठांवर माती लागली. पुसलीही नाही.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. टकटक थांबली. भिंगरीने वाकवलेलं बोट हळूहळू सरळ केलं, क्षणभर काचेच्या वर धरलं, डोळे मिटले आणि टेकवलं.

साहेबांनी दुपारी सगळे टॅब जोडून निकाल काढला आणि कागद भिंतीवर चिकटवला.

पहिली तुकडी: चौतीस टक्के. दुसरी तुकडी: अठ्ठेचाळीस टक्के. वर्गाची सरासरी: एकेचाळीस.

पहिल्या तुकडीतला खिडकीजवळचा टॅब: तीसपैकी सतरा बरोबर, दोन चूक, अकरा कोरे.