हनुवटीचा आळ

मित्रांनो, माझ्या एका बटणावर पूर्वी पाचाचा आकडा होता. दाबून दाबून तो पार पुसून गेला आहे. माझी वेटोळ्यांची वायर ताणली जाऊन टेबलाखाली लोंबते आहे. एवढ्यावरून मी जुना टेलिफोन आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. मी खिशात मावणारा नव्हे. टेबलावर ठाण मांडून बसणारा आणि उचलेपर्यंत घसा फोडून ओरडणारा मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझे अंग निघाले, आत तारा बसल्या, आणि एका बाईंनी रिसीव्हर कानाला लावून विचारले, "ऐकू येतंय का?" मला ऐकू आलेले ते पहिले बोलणे. नंतर खोक्यात बसून मी एका ऑफिसात आलो. लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या माणसांचे ते ऑफिस. एकच लांबट खोली, भिंतीवर किल्ल्यांच्या खुंट्या, कोपऱ्यात तेलकट पिशव्या. शहरात कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकले आणि आतले घंटेचे बटण दाबले, की इकडे मी वाजायचो आणि शेजारच्या पाटीवर त्या इमारतीचे नाव उमटायचे.

मला उचलायच्या त्या धीरताई. त्यांचे खरे नाव वेगळे होते, पण कोणी अडकले की त्या म्हणत, "धीर धरा, माणूस निघालाय." ते ऐकून ऐकून मेकॅनिक मंडळींनी त्यांचे बारसेच करून टाकले. काय आवाज होता तो! रडत फोन करणारी माणसे थोड्याच वेळात त्यांना आपल्या नातवंडांच्या खोड्या सांगू लागत. सुटका झाल्यावर कित्येक जण पुन्हा फोन करून म्हणत, "तुम्हाला एकदा भेटायचंय."

धीरताई मात्र कोणाला भेटत नसत. त्यांनी आपले टेबल भिंतीकडे तोंड करून लावले होते. आत येणारा त्यांच्या पाठीशी बोलायचा.

कारण होते त्यांच्या चेहऱ्यावर. त्या पस्तिशीच्या होत्या. शाळाकॉलेजात त्यांना कधी एक पुटकुळी आली नव्हती आणि आता हनुवटीवर, जबड्याच्या कडेने लालबुंद, ठणकणारे फोड येत. एक बसतो न बसतो तोच दुसरा हजर. रिसीव्हर नुसता टेकला तरी त्या "स्स्" करत. त्यांची धाकटी बहीण फोनवर रोज नवा उपाय सांगे.

"ताई, लिंबू लावून बघ."

"लावलं. आग आग झाली."

"मग बर्फ फिरव. आणि टूथपेस्ट लावून झोप."

"अगं, मी काय दात आहे का?"

ऑफिसात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे पाणी कमी पिता, कोणी म्हणे विचार फार करता. एकदा आमच्या पानेवाल्या काकांनी, म्हणजे सगळ्यांत जुन्या मेकॅनिकने, माझ्याकडे बोट दाखवले. "सगळा दोष या फोनचा आहे. दिवसभर हनुवटीला घासतो नि मळ चोपडतो."

झाले! आळ माझ्यावर आला. त्या दिवसापासून माझी रोज दोनदा स्पिरिटने आंघोळ होऊ लागली. अंगाची साल निघेल असे वाटे. पुढे तर धीरताई मला रुमालात गुंडाळून बोलू लागल्या आणि समोरचा माणूस सारखा "काय? काय?" करू लागला. मित्रांनो, मला तोंड असूनही स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलता येईना. मी फक्त दुसऱ्यांचे पोहोचवणारा.

मग धीरताईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक ट्यूब आणली. ती लावली की फोड पटकन बसत. त्या खूश झाल्या. पण ट्यूब थांबवली की फोड दुप्पट जोमाने उठत, आणि कातडी पातळ होऊन लाल दिसे. म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

याच सुमारास साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. "इमारतींमधे जाऊन लोकांना समजावून सांगायचंय. लिफ्ट अडकली तर काय करायचं, काय नाही. तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? पगारही वाढेल."

धीरताई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मी गेले तर फोन कोण घेणार?"

साहेब गेल्यावर त्या बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसून राहिल्या. मला वाटले, कोणाला तरी फोन करतील. कोणालाच केला नाही.

आणि एका दुपारी मी वाजलो.

"हॅलो, मी लिफ्टमधे अडकलेय." एका बाईंचा आवाज होता, धाप लागलेला. "दोन मजल्यांच्या मधे आहे बहुतेक. दार उघडत नाहीये. मी एकटीच आहे."

धीरताईंनी पत्ता लिहून काकांच्या हाती दिला. "धीर धरा, मॅडम. इमारत कळली मला, आमचे काका निघालेच आहेत. दार ओढू नका. खाली बसता येतंय का?"

"बसले. हवा संपेल का हो?"

"नाही संपत. वर जाळी आहे, तिथून येत राहते. काय काम करता तुम्ही?"

"डॉक्टर आहे. त्वचेची."

धीरताईंचा मोकळा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"हसू नका हं," पलीकडून आवाज आला, "पण बंद जागेची मला लहानपणापासून भीती वाटते. बोलत राहिलं की बरं वाटतं. काहीतरी विचारा ना मला. काहीही."

धीरताईंनी मागे वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. त्यांनी माझ्यावरचा रुमाल काढला आणि हळूच विचारले, "पस्तिशीत पिंपल येतात का हो?"

"येतात की. पुस्तकात त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं तारुण्य सरलं की त्याही जाणार. पुष्कळ बायकांना तिशीचाळिशीत येतात. कुणाला येताहेत?"

"मला."

डॉक्टरांचा आवाज तिथेच बदलला. धाप कमी झाली. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला आपल्या घराचा जिना सापडावा तसे झाले.

"कुठे येतात?"

"हनुवटीवर. जबड्याच्या कडेला."

"कधी वाढतात?"

"पाळी यायच्या आधी. तेव्हा तर चेहरा नुसता ठणकतो."

"मग हे आतल्या हार्मोन्सचं काम दिसतंय. शरीरातली ही रसायनं वरखाली झाली की कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी चेकाळतात. तुम्ही अस्वच्छ राहता म्हणून नाही, की जास्त विचार करता म्हणूनही नाही."

धीरताईंनी घसा साफ केला. "आमच्याकडे सगळे म्हणतात, टेलिफोनमुळे होतंय."

मी श्वास रोखला. म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

"फोन कोणत्या बाजूला धरता?"

"डावीकडेच. उजव्या हातानं पत्ता लिहायचा असतो ना."

"आणि फोड?"

"दोन्हीकडे."

"मग त्या बिचाऱ्याला सोडा. घासण्यानं थोडी भर पडत असेल, तेव्हा पुसत जा. पण मूळ तिथं नाही. आत्ता काय लावता?"

धीरताईंनी ट्यूबचे सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, "ती ट्यूब घेऊन उद्याच या माझ्याकडे, याच इमारतीत दवाखाना आहे. फोनवर मी चेहरा बघू शकत नाही, आणि न बघता औषध सांगणार नाही." तेवढ्यात पलीकडे खडखडाट झाला, काकांचा आवाज आला, "मॅडम, पाय जपून टाका," आणि फोन बंद झाला.

धीरताई दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन गेल्या. परत येताच त्यांनी बहिणीला फोन केला, म्हणून मलाही सारे कळले. दुकानातली ती ट्यूब स्टेरॉइडची निघाली. चेहऱ्याला वरवर शांत करणारी आणि आतून बिघडवणारी. डॉक्टरांनी ती आधी बंद करायला लावली. पाळी नियमित येते का, हनुवटीवर केस वाढलेत का, हे विचारून रक्त तपासायला सांगितले. नंतर रात्री लावायचे एक मलम दिले, संपूर्ण चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढे, तेही एक रात्र सोडून. दिवसा उन्हापासून जपणारे क्रीम. शिवाय हार्मोन्सचा कातडीवरचा जोर कमी करणारी एक गोळी. ती सुरू करण्याआधी रक्तदाब मोजला, आणि मूल हवे असेल तर ही गोळी चालणार नाही, आधी डॉक्टरांना सांगायचे, असे बजावले.

"आणि ही गोळी ज्याची त्याला," धीरताई बहिणीला म्हणाल्या. "माझी बघून तू घेऊ नकोस."

"किती दिवसांत बरं वाटेल?"

"तीनचार महिने म्हणाल्या."

"महिने?" बहीण ओरडली. मला कानठळ्या बसल्या.

साऱ्या जगाला धीर देणाऱ्या धीरताईंकडे स्वतःपुरता धीर काही नव्हता. दोनतीन आठवड्यांत ट्यूब बंद केल्यामुळे फोड आणखी उसळले आणि नव्या मलमाने कातडी सोलून निघू लागली. त्यांनी तावातावाने माझी बटणे दाबली, पाचाच्या बटणावर तर जास्तच राग काढला, आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"डॉक्टर, मी हे बंद करतेय. पहिल्यापेक्षा वाईट झालंय. मला बाहेर पडायची लाज वाटते."

"चुरचुरतं का?"

"खूप."

"मग मलम दोन रात्री सोडून लावा आणि आधी साधं मॉइश्चरायझर लावा. गोळी चालू ठेवा. आणि परवाच्या तपासणीला मला चेहरा दाखवून जा." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी लिफ्टमधे तुम्ही मला काय सांगत होतात, आठवतं? माणूस निघालाय म्हणून. मला काही दिसत नव्हतं. मला वाटलं, या बाई नुसती समजूत काढताहेत. पण तुमचे काका खरंच जिना चढत होते."

धीरताई हसल्या. डोळ्यांत पाणी होते, पण हसल्या. "तुम्ही माझंच औषध मलाच देताय."

"चांगलं आहे म्हणून देतेय."

त्यानंतर बरेच दिवस विशेष काही घडले नाही, आणि औषधाचे काम असेच चालते. धीरताई रोजच्यासारख्या फोन घेत होत्या. काका रोजच्यासारखे सल्ले देत होते. आता त्यांचा संशय खुर्चीवर होता. बिचारी खुर्ची! मी तिला मनातल्या मनात पुष्कळ समजावले.

मग एके दिवशी बहिणीशी बोलताना धीरताई एकदम म्हणाल्या, "अगं, पाळी येऊन गेली. या वेळी एकच फोड आला, तोही एवढासा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस काय वेडाबाई?"

"तू किती दिवसांनी चेहऱ्याबद्दल हसून बोललीस," बहीण म्हणाली.

डाग अजून होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ते सावकाश फिके होतील, अधूनमधून एखादा फोडही डोकावेल, म्हणून मलम लगेच सोडायचे नाही. पण ठणका गेला होता. एका सकाळी धीरताईंनी आल्या आल्या पर्स ठेवली आणि काकांना हाक मारली. "काका, एक बाजू धरा. टेबल फिरवायचंय."

"कुठं फिरवायचं?"

"दाराकडे तोंड करून."

दोघांनी टेबल ओढले. माझा कोणी विचारच केला नाही. वायर ताणली, भिंतीतून सुटली आणि मी मुका झालो. सगळी सकाळ ऑफिसात एकही घंटा वाजली नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "आज शहरातल्या साऱ्या लिफ्ट शहाण्यासारख्या वागताहेत." मग कोणाच्या तरी लक्षात आले. हसणे काही थांबेना. त्याच हसण्यात धीरताई साहेबांना म्हणाल्या, "ते इमारतींमधे जायचं काम अजून आहे का?"

होते. त्या वेळात फोन साहेब सांभाळणार असे ठरले आणि धीरताई गेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली उभे राहून लहानथोरांना सारे समजावले, पोरांच्या शंभर शंका फेडल्या आणि दुपारी ऑफिसात परतल्या त्या घसा पार बसवून घेऊन. तोंडातून आवाज फुटेना. तेवढ्यात मी वाजलो. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मला उचलले.

"हॅलो. अडकलात? हं. होतं असं कधीकधी."

धीरताईंनी हातवारे करून खुणावले, जरा गोड बोला.

"घाबरू नका," काका खेकसले. "माणूस निघालाय." आणि ते खुर्चीत आरामात टेकले. धीरताईंनी दाराकडे बोट दाखवले. काका दाराकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "अरेच्चा, तो माणूस मीच की." रिसीव्हर धीरताईंच्या हाती देऊन ते पिशवी घेऊन पळाले.

धीरताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "धीर धरा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं, आजोबा."

मित्रांनो, त्या दिवशी धीरताई इतक्या हसल्या की मला त्यांनी गालावर गच्च दाबून धरले होते, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. माझ्या मात्र आले.

माझे आता वय झाले. उद्या कोणी नवा फोन आणून ठेवील आणि मी अडगळीत जाईन, त्याचे मला दुःख नाही. माझे मागणे थोडकेच आहे. तुमच्या घरात असा एखादा म्हातारा टेलिफोन असेल तर त्याला अधूनमधून पुसा, पण हळू हाताने. तुमची आई, मावशी किंवा थोरली बहीण चेहऱ्यावरच्या फोडांनी हैराण झाली असेल, तर दुकानातली कसलीही ट्यूब तिच्या हाती देऊ नका, तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि औषधाला वेळ द्या. त्या वेळात तिच्या हनुवटीकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघून विचारा, आजचा दिवस कसा गेला. मी इतकी वर्षे माणसांचे बोलणे ऐकत आलो आहे. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि उत्तर द्यायला प्रत्येकालाच आवडते.