बोकडाला लागलेलं ग्रहण

जगात जे जे ओलं आहे ते उन्हात टाकलं की वाळतं, याबद्दल कमलकाकूंना कधी शंका नव्हती. आमसुलं, बोंबील, सांडगे, एकदा तर बादलीत पडलेला मुलाचा मोबाइलसुद्धा. तो वाळला, चालला मात्र नाही. दहिसरच्या त्या सात मजली इमारतीची गच्ची कागदोपत्री सोसायटीची होती, पण तिथलं ऊन काकूंचं होतं. वॉचमनलाही ते ठाऊक होतं.

त्यामुळे पाचव्या मजल्यावरच्या कुंडलिकभाऊंनी बोकडाचं कमावलेलं ओलं कातडं बांबूच्या चौकटीत सुतळीने ताणून बांधलं आणि ती चौकट टाकीमागच्या सावलीत नेऊन उभी केली, तेव्हा काकू हातातली परडी खाली ठेवून बघतच राहिल्या.

"भाऊ, ऊन इकडे आहे."

"माहितीय, वहिनी. म्हणून तर तिकडं ठेवलं."

कुंडलिकभाऊंची हयात कातडी कमावण्यात गेली होती. कारखाना बंद पडल्याला पंधरा वर्षं झाली, आणि आता कुठे हातांना काम मिळालं होतं. त्यांची नात निधी डिझाइन शिकत होती. सोमवारी तिला कॉलेजात एक पिशवी दाखवायची होती आणि कातडं तिला आजोबांच्याच हातचं हवं होतं. तीन आठवडे तो बोकड गच्चीवरच्या निळ्या पिंपात, हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरला. सेक्रेटरी अनंतरावांनी नाकाला रुमाल लावला तेव्हा काकूच मध्ये पडल्या होत्या. "माझे बोंबील चालतात ना तुम्हाला? दरवर्षी सुके बांगडेपण नेता चार-चार. मग आता गप बसा."

गुरुवारी भाऊ डोळे तपासायला मालाडला निघाले. जाताना बजावून गेले, "सावलीतच राहू द्या. घाईनं वाळलं की रुसतं ते, पापड होतो. थोडं ओलसर असताना चोळून मऊ करायचं, ते मी आल्यावर बघतो. आणि लोखंड जवळ आणायचं नाही. खिळा नको, सुरी नको. तुम्ही फक्त कावळे हाकला."

काकूंनी दीड तास कावळे हाकले. कातडं होतं तसंच ओलं. बिचारा म्हातारा मनुष्य, सोमवार तोंडावर आलेला, आणि दोन पावलांवर एवढं सोन्यासारखं ऊन फुकट चाललेलं. त्यांच्याच्याने बघवेना. तासभर ठेवलं तर काय होतंय, म्हणत त्यांनी चौकट ओढत उन्हात नेऊन आडवी केली. वाऱ्यानं ती उचलली जायला लागली, तशी त्यांनी घासून वाळत ठेवलेला घावण्यांचा बिडाचा तवा मधोमध ठेवून दिला. तवा लोखंडाचा असतो हे कुणाच्या डोक्यात येतं? तवा म्हणजे घावणे.

मग भाताचा कुकर झाला, बहिणीचा फोन झाला, बहिणीच्या सुनेचं सगळं ऐकून झालं.

काकू वर आल्या तेव्हा कडा वळल्या होत्या. बोटाने वाजवलं तर टक् टक्. आणि तवा उचलला तर खाली काळाकुट्ट गोल.

"अरे मेल्या बोकडा!" काकू म्हणाल्या. आता भाऊंना तोंड कसं दाखवायचं? दुसरं कातडं नाही, आणि सोमवार काही पुढे सरकायचा नाही.

हळदी रंगाचं जुनं लुगडं भिजवून त्यांनी कातड्याला गुंडाळलं. तासाभराने ते नरमलं. डागाला मात्र साबण लागू पडेना. मग तांब्याचे हंडे ज्याने लख्ख होतात ते आमसुलाचं पाणी चोळलं. काळं जरासं उतरलं, पण भोवती जांभळट लाल कडं उमटलं. जास्त चोळलं तसं कडं आणखी खुललं. काकूंनी चौकट सावलीत नेली, डागाची बाजू भिंतीकडे केली आणि निष्पाप चेहऱ्याने कावळे हाकायला बसल्या.

भाऊ आले. औषध घातलेल्या डोळ्यांनी त्यांना धड दिसत नव्हतं. त्यांनी कातड्यावरून हात फिरवला, वास घेतला आणि चौकट उलटी फिरवली.

"वहिनी, माझ्या बोकडाला ग्रहण लागलंय."

"अगोबाई! कधी?"

"तुमचा तवा तापला तेव्हा."

काकूंचा चेहरा पडला. "चुकलं हो, भाऊ. पोरीचं काम बिघडवलं मी."

भाऊ बराच वेळ कातडं चिमटीत धरून वाकवत राहिले. "मेलं नाही अजून. धरा ते टोक."

मग दोघांनी ते चौकटीतून सोडवून फळीच्या कडेवरून ओढायला घेतलं. इकडून भाऊ, तिकडून काकू.

"जोरात ओढा, वहिनी. बोंबील नव्हे तो."

"बोंबील बरा! इतके नखरे नसतात त्याचे."

ऊन उतरेपर्यंत कातडं मऊ पडलं आणि काकूंचे खांदे कडक झाले.

सोमवारी संध्याकाळी निधी धावतच गच्चीवर आली. पिशवीच्या मधोमध तो काळा गोल, भोवती लाल कडं. "आजोबा, मॅडम वेड्या झाल्या! असं कसं केलं म्हणून विचारत होत्या. अजून दोन करून आण म्हणाल्या. काय सांगू त्यांना?"

"कोकणातली पद्धत आहे म्हणावं," भाऊ काकूंकडे न बघता म्हणाले. "फार जुनी. वहिनी, तवा लागेल बरं का परत."

"तवा मिळेल," काकू म्हणाल्या, "पण उन्हात किती वेळ ठेवायचं ते मी ठरवणार."

"सावलीत, वहिनी."

"तेच म्हणते मी."

आणि टाकीमागच्या सावलीत वाळत घातलेल्या आपल्या कढीपत्त्याकडे भाऊंचं लक्ष जाऊ नये म्हणून त्या पदर सावरत आड उभ्या राहिल्या.