लोखंडी पाइपातले माझे दिवस

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. एका शिवणकामाच्या दुकानात छताजवळच्या लोखंडी पाइपात राहते, त्यामुळे तुम्ही मला पाहिले नसणार. माझ्यासारखीने आपली कहाणी सांगावी का, याचा मी फार विचार केला. नीट सांगता येईलच असे नाही, तरी ऐका.

कारखान्यात तांब्याच्या तीन तारांना रंगीत अंगरखे घालून, वरून जाड पांढरे आवरण चढवून मला घडवले. मग एका वायरमनने मला विकत घेतले. तो नदीपलीकडच्या गावचा. बावीस वर्षे हेच काम करत होता. मला हातावर घेऊन तो मेहुण्याला म्हणाला, "बघ, कशी रेशमासारखी वळते!"

"दाजी, माझ्या ताईचं एवढं कौतुक कधी केलं नाहीत!" मेहुणा म्हणाला. मी मात्र फुलून गेले.

त्यांना नदीच्या अलीकडच्या गावात काम मिळाले होते. कित्येक वर्षे घरच्या स्वयंपाकघरात शिलाई मशीन चालवणाऱ्या एका ताईने दुकानांच्या इमारतीत खोली घेतली होती. सोमवारपासून चार बायका तिच्याकडे कामाला येणार होत्या. वायरमनने मला फॉल्स सीलिंगच्या वर, लाकडी पट्ट्यांना क्लिपा मारून, उघडेच बसवले. त्याच्या गावी दुकानातही तसेच चालत असे.

शुक्रवारी वीज तपासणाऱ्या मॅडम आल्या. शिडीवर चढून त्यांनी सीलिंगचा एक चौकोन सरकवला आणि माझ्यावर टॉर्च मारला.

"हे उघडंच टाकलंत?"

"आमच्याकडे असंच करतात, मॅडम. नदीपलीकडे."

"तिकडे चालत असेल. इथे दुकानांच्या इमारतीत केबल लोखंडी पाइपातूनच न्यावी लागते. इथली दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. या छतात ठिणगी पडली तर शेजारची पाच पेटतील. मी परवानगी देऊ शकत नाही."

ताईचा चेहरा उतरला. "दादा, चौघींनी जुनी कामं सोडलीत हो. सोमवारी त्यांना काय सांगू?"

मेहुणा वायरमनच्या कानाशी लागला. "मॅडमच अडवतायत म्हणून सांगा की!"

"गप रे." वायरमनने डोक्यावरची टोपी काढली. "ताई, चूक माझी आहे. इथला नियम विचारायला हवा होता. बावीस वर्षांच्या तोऱ्यात मी विचारलाच नाही. दोन दिवसांत पाइप टाकून देतो." मग तो मॅडमकडे वळला. "सोमवारी सकाळी याल का?"

"नऊला येते. पण घाईत वाकडंतिकडं केलेलं चालणार नाही हं."

मला क्लिपांमधून सोडवले. दोन दिवस दोघे पाइप कापत, वाकवत, छताला पक्के करत होते. ताई शिडी धरून उभी राहायची. कापलेल्या पाइपाची धार माझ्या अंगाला लागू नये म्हणून वायरमन प्रत्येक टोक कानशीने घासायचा आणि आत बोट फिरवून बघायचा. एकदा मला ओरखडा आलाच, तर तेवढा तुकडा त्याने कापून टाकला. आत ओढले जाताना मला मात्र रडू येत होते. एवढी देखणी मी आणि नशिबी हा अंधार!

सोमवारी नऊला मॅडम आल्या. एकेक सांधा पाहिला, मीटर लावला आणि म्हणाल्या, "करा चालू."

खटका दाबला. माझ्यातून वीज धावली. मशीन घरघरली आणि चौघींपैकी सगळ्यांत थोरली हसून म्हणाली, "चला गं, बसा आपापल्या जागेवर!"

त्या क्षणी माझे रडू पळाले.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. वर बघून माझी कोणी चौकशी करत नाही आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही. मध्यंतरी वायरमन शर्ट शिवून घ्यायला आला होता. आता तो कुठल्याही नव्या गावी आधी वीज कार्यालयात जाऊन विचारतो, "तुमच्याकडे कसं करतात?" हे सांगताना तो मुळीच लाजला नाही.

मित्रांनो, माझ्या बहिणी तुमच्या शाळेत, दवाखान्यात, दुकानात अशाच लपून राहतात. एका ठिकाणी चार-चार प्लग खोचून त्यांना दमवू नका. भिंतीत खिळा ठोकण्याआधी आत कोण आहे ते मोठ्यांना विचारा. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी वायरमन झालेच, तर कितीही वर्षे काम केलेले असो, त्या गावचा नियम विचारून मगच शिडी चढा.

खाली पाचही मशीन सुरू झाल्या आहेत. मला आता बोलत बसून चालायचे नाही.